एल्सिरामावशीने सही केली नाही

एल्सिरामावशीला कारखान्यात सगळे टरकून असतात, आणि असायलाच पाहिजे. मी नववीत शाळा सोडली आणि आमच्या अर्जेंटिनातल्या तुकुमानच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसले, तेव्हा कॉम्प्युटर तिनेच शिकवला. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर गाठ माझ्याशी आहे.

कारखान्याचा डेटाबेस एकोणीस वर्षं तीच सांभाळते. त्यात एका टेबलात लिहिलेलं असतं, कुठलं काम आपोआप कधी चालायचं. दुसऱ्यात, ते केव्हा केव्हा चाललं त्याच्या नोंदी. या नोंदी साचून चाळीस लाखांवर गेल्या आणि सगळं रखडायला लागलं. सफाई करा म्हणून मावशीच तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होती. ऐकतंय कोण! शेवटी फेब्रुवारीत मॅनेजर बाझान साहेबांनी राजधानीतून फाकुंदो नावाचा पोरगेला तज्ज्ञ आणला.

त्याने नियम काढला: नव्वद दिवसांत जे काम चाललं नाही ते मेलं, उडवा. दोनशे बारा कामांची यादी. खाली मावशीची सही पाहिजे.

"यातली एक्केचाळीस गळिताची आहेत," मावशी म्हणाली. "ट्रकांचे नंबर लावणारंसुद्धा. मे ते ऑक्टोबर चालतात, मग झोपतात. झोपलेल्याला पुरायचं?"

"आठवडाभर बंद ठेवून बघितली, बाई. एकाचीही तक्रार नाही," फाकुंदो म्हणाला.

"फेब्रुवारीत कोण तक्रार करणार रे शहाण्या? ऊस शेतात उभाय!"

साहेब भडकले. "एल्सिरा, उद्या जेवणाआधी सही. नाहीतर पासवर्ड देऊन घरी जा."

"साहेब, हिला काढलं तर—" मी सुरू केलं.

"गप गं," मावशी म्हणाली. माते म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, त्याचा घोट घेतला. "उद्या या, साहेब. आधी मे महिना बघा, मग सही मागा."

सकाळी तिने डेटाबेसची कॉपी काढली, फाकुंदोच्या यादीतली सगळी कामं त्यातून उडवली आणि घड्याळ वीस मेवर नेलं. साहेब आले. मला म्हणाली, "काट्यावर बसतेस तशी बस. ट्रक आला."

मी गाडी टाकली, वजन टाकलं. नंबराची जागा रिकामी. दुसरी गाडी. रिकामीच.

"मग हाताने लिही ना," फाकुंदो म्हणाला.

"दिवसाला पाचशे ट्रक येतात. तू बस, तू लिही! तोडलेला ऊस पडून राहिला की आंबतो. मग तोही तूच गाळ."

"कॉपीतच काहीतरी चुकलं असेल," साहेब म्हणाले.

मावशीने त्याच कॉपीत ती एक्केचाळीस कामं परत घातली. "टाक परत."

पहिला ट्रक, नंबर एक. दुसरा, नंबर दोन. साहेब चष्मा पुसत बसले.

मावशीने स्वतःची यादी पुढे सरकवली. "एकशे एकाहत्तर खरंच मेलीयत, ती जाऊ देत. एक्केचाळीस राहणार. आणि दोन गळितांआधीच्या सगळ्या नोंदी काढायच्या. खरा कचरा तो आहे."

"बरं," साहेब म्हणाले. "पण काल सगळ्यांसमोर उलट बोललीस. त्याची माफी माग."

"माफी मिळणार नाही. यादी मिळेल. सही तुम्ही करा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि केली सही.

मावशीने कागदाकडे बघितलंही नाही. फाकुंदोला पायाने खुर्ची सरकवली. "बस. नोंदी दहा-दहा हजारांनी उडवायच्या. आणि मला विचारल्याशिवाय एंटरला हात लावायचा नाही."