एडनची झाडं

मंडळी, आपल्या डोंबिवलीच्या वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लिहितोय. आज सकाळी माझ्या विलायतेच्या प्रवासावरच्या व्याख्यानाला तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्यात एडन बंदरातली गर्द झाडी मी अगदी रंगवून सांगितली.

खरं सांगतो, मला बोट लागली होती. केबिनमध्ये पडून होतो. एडनला उतरलोच नाही.

नंतर आपले शिपाई गणूकाका सतरंज्या गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "साहेब, मी बारा वर्षं बोटीच्या भट्टीत कोळसा टाकला. एडनला तेव्हा नुसते काळे डोंगर होते. आता लावली असतील झाडं."

शेवटचं वाक्य त्यांनी माझी लाज राखायला जोडलं.

बोलताना माझ्या घशाला कोरड पडली, तेव्हा पाणीही त्यांनीच आणून दिलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी काही विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणी विचारलंय?