भाऊसाहेबांची भीती

२०१६ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्या गावाला जे ग्रामसेवक आले, ते नारळाच्या झाडाखालून जाताना डोक्यावर पंचायतीची फाइल धरायचे. किहीमपासून वर रेवसपर्यंत आमच्याकडे नारळ नाही अशी वाट नाही, म्हणजे तो माणूस दिवसभर डोक्यावर फाइल घेऊनच हिंडायचा. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा मी विचारलं, "भाऊसाहेब, या गावात आजवर किती जणांच्या डोक्यात नारळ पडला, माहीत आहे का?" ते म्हणाले, "माहीत नाही ना नाना, म्हणूनच धरतो."

ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणायची रीत सगळीकडे आहे, तशी आमच्याकडेही. हे जतकडचे, कोरड्या मुलखातले. बेचाळिसाव्या वर्षी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आमच्या जेटीवर, आणि पाहून दोन पावलं मागे सरले. बायकोमुलं गावी. माझ्या घराची पुढची खोली त्यांनी राहायला घेतली. घेण्याआधी तीन गोष्टी विचारल्या. भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं, मागच्या बाजूला दार आहे का, आणि कुत्रं आहे का. मी तांडेल. म्हणजे होडी माझ्या हुकुमावर चालते आणि सुकाणू माझ्या हातात. शाळा तिसरीपर्यंत, पण चाळीस वर्षांत एक माणूस दर्याला दिला नाही. असल्या भित्र्या माणसाची मला दया यायची, आणि खरं सांगतो, थोडी चीडही यायची.

त्यांना माणसं मोजायची खोड होती. ग्रामसभेला आलेले मोजायचे आणि सभा उठली की जाणारेही मोजायचे. संध्याकाळी बंधाऱ्यावर उभे राहायचे. जेटीच्या टोकाला नाही, तिथे पाय लटपटायचे. येणाऱ्या होड्या बोटांवर मोजायचे.

"नाना, नऊ गेल्या होत्या. आठच दिसतायत."

"नववी बर्फाच्या कारखान्यामागे बांधलीय."

"दिसत नाही ती."

दिसेपर्यंत हा माणूस जेवायला येत नसे. माझी बायको मथुरा ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "होडीवाल्यांच्या बायका जेवून भांडी घासून मोकल्या झाल्या, भाऊसाहेब. तुम्हीच काय ते वाट बघताव." ते ओशाळं हसायचे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बंधाऱ्यावर.

पंचायतीतून आले, हातपाय धुतले, चहा झाला, की ते ओट्यावर लॅपटॉप उघडायचे. मला वाटलं सरकारी काम असेल. बघतो तर लढाई! तीही आपल्या पृथ्वीवरची नाही, दुसऱ्या कुठल्या तरी लाल मातीच्या ग्रहावरची. भाऊसाहेबांच्या चार तुकड्या. एकेकीत पाच-सहा माणसं, अंगावर ट्रॉलरच्या पत्र्याएवढं जाड चिलखत. एक तुकडी लांब बंदुकांची, एक पाठीला टाकी बांधून उडणारी, एक जखमींना उचलणारी. तीन नंबरची साधीच, पण ती पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होती, म्हणून तिच्यावर जीव. समोरून माणसाएवढे किडे खेकड्यासारखे आडवे धावत यायचे. त्यात आपली पाळी, तुपली पाळी असं काही नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी किडे चालतच राहतात. भाऊसाहेब एका हातानं माऊस फिरवायचे, दुसऱ्यानं घाम पुसायचे आणि पुटपुटायचे, "मागे या. मागे या रे पोरांनो."

मला राहवायचं नाही. "अहो, मारा की! सारखे काय पळताय?"

"पळत नाही नाना. माणसं आत घेतोय."

"त्यालाच पळणं म्हणतात आमच्यात."

"एक जरी माणूस जिवंत परत आला ना, तरी तुकडी राहते. त्याच्याभोवती नवे भरता येतात, तो त्यांना शिकवतो. सगळेच गेले तर नवी तुकडी मिळते, नाही असं नाही. पण ती काल जन्मलेली असते. तिला काहीच माहीत नसतं."

मी हसलो खरा, पण दुसऱ्या दिवसापासून रोज जाऊन बसायला लागलो. पंधरा दिवसांत त्यांनी मला काम दिलं. पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा नकाशा असायचा. जिथे आपलं माणूस उभं आहे तेवढंच त्यात उजळ, बाकी काळोख. किडे उजेडात शिरले की लाल ठिपके उठायचे. "तुम्ही फक्त तो कोपरा सांभाळा नाना," ते म्हणाले. "ठिपका दिसला की बोंब मारा. मला सगळीकडे बघणं होत नाही." मी म्हटलं, पाण्याचा रंग बघून जाळं टाकणारा माणूस मी, ठिपका काय चीज आहे!

ठिपके मला दिसायचे नाहीत.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं, डास चावला. दुसऱ्यांदा म्हटलं, मथुरेनं हाक मारली. तिसऱ्यांदा डाव्या कोपऱ्यातून किडे आले आणि तीन नंबरची तुकडी अख्खी खाऊन गेले. एकही माणूस आत आला नाही. भाऊसाहेबांनी वर्षभर सांभाळलेली तुकडी. मला वाटलं, आता ओरडतील. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. बंधाऱ्यावर नववी होडी शोधताना बघायचे, तसं.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उचलून माझ्या उजव्या हाताला ठेवला. "ऊन येतं," म्हणाले. त्या दिवशी एकही ठिपका माझ्याकडून सुटला नाही. मी मिशीला पीळ दिला. त्यानंतर आठवडाभर ते काही ना काही करत होते, हे मला मागाहून कळलं. चहाचा कप डावीकडे ठेवायचे, मी तो सांडायचो. डाव्या बाजूनं येऊन उभे राहायचे, मी दचकायचो आणि त्यांनाच झापायचो, "मांजरासारखे काय येता?"

आठव्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. मथुरा पायरीवर कोळंबी सोलत होती. भाऊसाहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"नाना, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

मथुरेचे हात थांबले. मी म्हटलं, "काय?"

"रागावू नका. तुमचा डावा डोळा गेलाय, निदान कडेचा तरी. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. हळूहळू जातं, ज्याचं जातं त्याला कळत नाही. अलिबागला डोळ्यांचे डॉक्टर आहेत, मी विचारून ठेवलंय. तोपर्यंत होडी नका नेऊ."

माझ्या ओट्यावर बसून, माझ्या बायकोसमोर, नारळाला भिणारा माणूस मला सांगतो, होडी नका नेऊ! मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. "तू खेळण्यातला सेनापती! तुझी माणसं वीज गेली की मरतात. मी खऱ्या पाण्यात माणसं नेतो आणि आणतो. महिना संपला की खोली खाली कर."

"करतो," ते म्हणाले. उठून दारापर्यंत गेले आणि वळले. "पण तुमच्या होडीत सहा माणसं असतात, नाना. मी रोज मोजतो."

सकाळी मी गेलो. न जाण्याचा प्रश्नच नव्हता. गेलो नसतो तर ते खरं ठरलं असतं. खाडीच्या तोंडाबाहेर पडलो. चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मी माझ्याच होडीकडे परक्यासारखा बघायला लागलो. माझा भाचा धर्मा माझ्या डाव्या हाताला, इंजिनाच्या पेटीवर बसला होता. तिथे रोज कुणी ना कुणी बसतो, हे मला माहीत होतं. का बसतो, ते कधी मनात आलं नव्हतं.

"नाना, जरा उजवीकडं घ्या," तो म्हणाला. "तिकडं पानी बरं हाय."

मी घेतलं. थोड्या वेळानं मान पूर्ण वळवून डावीकडे पाहिलं. पाण्यात रोवलेला जाळ्याचा खांब हातभर अंतरावरून मागे पडत होता. पाणी दोन्हीकडे सारखंच होतं.

तिथेच मी शहाणा व्हायला हवा होतो. पण मला त्या भित्र्याला खोटं पाडायचं होतं. जाळी ओढून परत येताना म्हटलं, "धर्मा, पुढं जा. पार टोकाला बस."

"हितं बरा हाय मी."

"पुढं जा म्हनतो ना!"

तो बाकीच्यांकडे बघायला लागला. आमच्यात होडी सुटली की तांडेलाचा शब्द शेवटचा. बाप असो, मोठा भाऊ असो, दर्यावर त्याला उलट बोलायचं नाही. धर्मा गेला. मी सुकाणू धरून ताठ बसलो. समोरचं पाणी स्वच्छ, ऊन, वारा बेताचा. मनात म्हटलं, बघ भाऊसाहेब.

मग माझ्या हातावर हात पडला. धर्मा जाळ्यावरून उड्या मारत आला आणि त्यानं सुकाणू माझ्या हातासकट पिळलं. तांडेलाच्या सुकाणूला दुसरा हात लागत नाही. मी त्याला मारायला दुसरा हात उचलला आणि तेवढ्यात डावीकडून एक होडकं माझ्या नजरेत शिरलं. इंजिन बंद, दोन माणसं वाकून जाळं ओढत होती. त्यांच्या होडक्याची कड आमच्या कडेला घासून करकरली. त्यातला म्हातारा माझ्याच वयाचा, मला चांगला ओळखणारा. तो ओरडला, "डोले काय घरी ठेवून आलास काय रं?"

आमच्या होडीत कुणी हसलं नाही. मी विचारलं, "कधीपासून?"

धर्मा खाली बघत म्हणाला, "दोन वरसं झाली."

"आनि सगल्यांना ठाव हाय?"

"आमी पाली लावलीय, नाना. रोज एकानं तुमच्या डाव्या बाजूला बसायचं."

"मला सांगितलं का न्हाय?"

"तांडेलाला कोन सांगल?"

दोन वर्षं माझी माणसं माझा मान राखत होती आणि जीव मुठीत धरून बसत होती. मी समजत होतो, मी त्यांना सांभाळतोय. जेटीपर्यंत सुकाणू माझ्याच हातात राहिलं, कुणी मागितलं नाही. पण धर्मा डावीकडून बोलत होता आणि मी ऐकत होतो.

जेटीच्या अगदी टोकाला एक माणूस उभा होता. खाली भरतीचं पाणी आदळत होतं आणि त्यानं दिव्याच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. होडी लागली. भाऊसाहेबांचे ओठ हलले, एक, दोन, तीन, असे सहापर्यंत. मग ते खांब सोडून, जेटीच्या बरोबर मधून, सावकाश घराकडे गेले.

त्यांनी खोली सोडली नाही. मी राहा म्हटलं नाही, तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. मथुरेनं त्यांचं ताट वाढलं आणि ते जेवायला बसले, एवढंच. पुढे आणखी दोन वर्षं राहिले, मग बदली झाली. निरोपाच्या दिवशी पंचायतीत सगळे भाषणं करत होते. मला बोलायला सांगितलं तर मी म्हटलं, "माणूस भित्रा आहे, पण बरा आहे." लोक हसले. भाऊसाहेब सगळ्यांत जास्त हसले. गाडी सुटताना मात्र त्यांनी माझा हात धरला तो ड्रायव्हरनं हॉर्न मारेपर्यंत सोडला नाही. अजून टीव्हीवर आमच्याकडच्या वादळाची पट्टी फिरली की त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती बाहेर आहेत?" मी सगळ्या आत आल्या म्हणेपर्यंत तासातासानं येतो. पूर्वी मी चिडायचो. आता मीच आधी बंधाऱ्यावर जाऊन बघून येतो, खोटं सांगायला नको म्हणून.

डोळ्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. काचबिंदू. डावा गेलेलाच होता, उजवा थेंब घालून टिकवलाय. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर आला नसतात तर उजवाही राहिला नसता. पण मी सांगायचं म्हणतोय ते त्याच्या आधीचं, होडकं घासलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी जेटीवर गेलो. खलाशी एकेक करून आले, होडीत चढले आणि माझी वाट बघायला लागले. मी चढलो नाही. "धर्मा," मी वरूनच म्हटलं, "सुकाणूवर बस."

तो जागचा हलला नाही. "नाना, राहू दे. आमी हाव ना."

"बस."

तो बसला, पण नीट नाही, पाहुण्याच्या घरात बसतात तसा कडेला. इंजिन चालू झालं. तरी दोर कुणी सोडेना. दोर सोडणं हे सगळ्यांत नव्या खलाशाचं काम. तो नवा खलाशी माझ्या तोंडाकडे बघत होता, धर्मा माझ्या तोंडाकडे बघत होता. शेजारच्या होड्यांवरची माणसंही हातातली कामं टाकून बघत होती. मागे बंधाऱ्याशी भाऊसाहेब फाइल काखेत घेऊन उभे होते. मी खाली वाकलो. गुडघा वाजला. ओला दोर खुंटावर घट्ट बसला होता, दोन हात लावून सोडवला आणि होडीत फेकला.

"जा," मी म्हटलं, "पानी उतरंल."

होडी खाडीच्या तोंडाबाहेर वळेपर्यंत मी उभा राहिलो. मग हात लुंगीला पुसले आणि बंधाऱ्याकडे जाऊन म्हटलं, "चला भाऊसाहेब, अलिबागची एसटी चुकेल."