रानातलं टेकाड आणि खात्यातली डोकी

जुन्या वस्तूंच्या खात्यात नोकरी केली की घरात दोन गोष्टींचा ढीग वाढत जातो. एक खापरांचा आणि दुसरा किश्श्यांचा. खापरं बायकोनं केव्हाच परसात फेकून दिली. किस्से मात्र राहिले, कारण ते शहाण्या माणसांनी घडवले होते आणि आमच्या खात्यात शहाण्यांचा तुटवडा कधीच नव्हता!

तेव्हा निजामाचं राज्य होतं. तुळजापूरच्या अलीकडं, बालाघाटाच्या डोंगरात, सरकारी राखीव रान होतं आणि त्या रानात एक टेकाड. टेकाडाच्या पोटात जुन्या विटा. मी खात्यातला सगळ्यात धाकटा असिस्टंट. टेकाड मीच शोधलेलं, त्यामुळं माझा त्याच्यावर भलताच जीव. पण तोच डोंगर कोळशाच्या भट्ट्यांसाठी एका ठेकेदाराला मिळायचा होता. उन्हाळा लागायच्या आत हैदराबादच्या मोठ्या साहेबांनी ‘जागा जुनी आहे, हात लावू नका’ अशी ऑर्डर दिली तर टेकाड वाचणार. नाहीतर ठेकेदार त्याच विटा उपसून भट्ट्या रचणार! इतकी वर्षं त्या विटांना कुणी धक्का लावला नव्हता. आता बिचाऱ्या आमच्या खात्याच्या हाती लागल्या होत्या.

*

कॅम्प लागला त्याच दिवशी जंगलखात्याचा दारोगा हजर. हातात छडी, मिशीला तेल.

“खोदने का हुकूम है?”

“आहे.”

“खोदो. लेकिन मिट्टी जंगलखाते की है. एक टोकरी भी हद्द के बाहर नहीं जाएगी.”

“ठीक आहे, हद्दीतच बाजूला टाकतो.”

“बाजू में झाडं आहेत. झाडावर माती टाकायची मनाई आहे.”

“मग पायवाटेवर टाकतो.”

“रस्ता रोकना जुर्म है!”

मी हात जोडले. “दारोगासाहेब, खोदलेली माती ठेवायची तरी कुठं?”

त्यानं क्षणभर विचार केला, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “जहाँ से निकाली, वहीं रख दो!”

खाली ठेकेदार आख्ख्या डोंगराची झाडं मोजत हिंडत होता, त्याला मात्र हा गृहस्थ सलाम करायचा.

*

आमच्या कॅम्पचे मुख्य म्हणजे मुन्तजिम साहेब. माणूस इथलाच, घरात अस्सल मराठी बोलणारा. पण एकदा रुमी टोपी डोक्यावर चढली की मराठीतसुद्धा उर्दू घुसायची. आधी ते दुसऱ्या कुठल्याशा खात्यात होते. तिथं कुणाला नको झाले, म्हणून इकडं पाठवले.

खोदकामात खापरं निघायला लागली. मला आनंद झाला, साहेब भडकले.

“हे काय? सगळा माल टूटा हुआ!”

“साहेब, जुनी भांडी अशीच सापडतात.”

“मी हैदराबादला काय तोंड दाखवू? लोग कहेंगे, कॅम्पवाल्यांनी फोडली!” मग त्यांनी मुकादमाला बोलावलं. मुकादम शिवप्पा कानडी मुलखालगतच्या मुरुम गावचा. फार राग आला की तो कानडीत बोलायचा, म्हणून त्याची नोकरी टिकून होती. साहेबांनी त्याला बजावलं, “आजपासून फक्त साबूत मडकी काढायची. फुटकं दिसलं तर काढायचं नाही. समजलं?”

“व्हय साहेब,” शिवप्पा म्हणाला. “जिमिनीला सांगून बगतो. ऐकली तर बरं!”

आणि साहेबांनी मान डोलावली. “हाँ, बताओ!”

*

गावातल्या लोकांची तर खात्रीच होती की आम्ही गुप्तधन काढतोय. बाजारात गेलो की पानवाल्यापासून सराफापर्यंत सगळे माझ्या पिशवीकडं बघायचे. एक वकील मला घरी जेवायला बोलावून, आग्रहानं पुरणपोळी वाढून, हळूच विचारायचे, “हंडा उभा सापडला का आडवा?” कायदा शिकलेला माणूस!

एकदा गावातले एक मोठे अडते थेट कॅम्पवर आले. धोतराचा सोगा सावरत टेकाड चढले, धापा टाकत माझ्या तंबूत बसले.

“हे बगा, मी काय कुणाला सांगनार न्हाय. खरं सांगा, काय काय गावलं?”

मी उत्साहानं खोका उघडला. काळ्या-तांबड्या खापरांवरची झिलई दाखवली, शंखाच्या बांगडीचे तुकडे दाखवले, भाजलेल्या मातीचा एक मणी दाखवला. हे सगळं किती मोलाचं आहे ते समजावून सांगताना माझा आवाज भरून आला होता.

अडत्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार कळवळून म्हणाले, “शिकल्याली मानसं तुमी. सरकारनं तुमाला बी फशिवलं म्हनायचं!”

*

खात्याचा एक कॅमेरा होता. फोटोत भिंतीची उंची कळावी म्हणून शेजारी मापाची काठी उभी करायची असते. फोटोत काठी येते आणि आपण नाही, हा मुन्तजिम साहेबांना स्वतःचा अपमान वाटला की काय, कोण जाणे! म्हणाले, “काठी कशाला? मी उभा राहतो.”

मग काय! भिंत निघाली, साहेब उभे. चूल निघाली, साहेब उभे. सगळ्यात चांगला विटांचा कोपरा निघाला तेव्हा तर अचकन घालून, खुर्ची टाकून बसले. फोटो हैदराबादला गेले आणि तिकडून विचारणा आली, की फोटो मिळाले, पण भिंत कुठं आहे?

साहेबांनी एका ओळीत उत्तर धाडलं, “भिंत माझ्या मागे आहे.”

*

अखेर मोठ्या साहेबांची टूर ठरली. विलायतेत शिकून आलेला माणूस. हैदराबादच्या दिवाणखान्यात बसून त्यांनी सगळ्या मुलखाचा इतिहास ठरवून टाकला होता.

मी जिवाचं रान केलं. खड्ड्याची एक बाजू सुरीनं तासून तासून आरशासारखी सरळ केली. वर काळी माती, तिच्याखाली राख, मग विटांची फरशी, मग पुन्हा राख. एकावर एक थर असे स्वच्छ दिसत होते की वस्ती किती जुनी ते आंधळ्यालाही सांगता आलं असतं. टेकाड वाचवायला माझ्याकडं एवढा एकच पुरावा होता. ठेकेदाराला याची कुणकुण होती. त्यानं गाड्या आणि कुऱ्हाडी घेऊन माणसं खाली ओढ्याकाठी आणून बसवली होती. साहेब ‘जागा जुनी नाही’ म्हणाले की ते वर चढणार!

सकाळी मला साहेबांना आणायला गावात पाठवलं. मोटार ओढ्यापर्यंत आली, पुढं आम्ही पायी टेकाड चढलो. वर पोचलो आणि बघतो तर काय!

खड्डा सारवलेला होता! शेण आणि तांबडी माती कालवून, वरपासून खालपर्यंत, गुळगुळीत. एक थर दिसत नव्हता. कडेनं पांढऱ्या मातीचा पट्टासुद्धा ओढला होता. शेजारी मुन्तजिम साहेब नव्या अचकनमध्ये हसत उभे. माझ्या कानाशी लागून म्हणाले, “भिंतीवर कसले घाणेरडे पट्टे पडले होते रे! माझं लक्ष गेलं म्हणून बरं. झाडलोटीच्या सुंदराबाईकडून सारवून घेतलं. वास येऊ नये म्हणून अत्तर पण शिंपडलंय.”

मला रडू फुटायचं बाकी होतं. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

मोठे साहेब खड्ड्यात उतरले. चष्मा पुसला. भिंतीपाशी वाकले. मग त्यांनी भिंतीला बोट लावलं, ओल्या झालेल्या बोटाकडं पाहिलं, अत्तराचा वास घेतला आणि डोळे मिटले.

“सुभानअल्लाह! दो हजार बरस, और नमी अब तक बाकी है! क्या कारीगर थे!”

शेजारी उभ्या दारोगानं मान डोलावली. मुन्तजिम साहेबांनी तर छातीवर हात ठेवला. साहेब माझ्याकडं वळले. “क्यों असिस्टंट, तुम्हारी क्या राय है?”

मी खाली पाहिलं. ओढ्याकाठी ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडीला धार लावत होती.

“बेशक हुजूर,” मी म्हणालो. “आजकाल ऐसा काम नहीं होता.”

तिथल्या तिथं ऑर्डर झाली. सगळं टेकाड सरकारी संरक्षणाखाली, ठेकेदाराला मनाई. आणि निघता निघता साहेबांनी मुन्तजिमांना सक्त ताकीद दिली, “इस नमी की हिफाजत हो. दीवार सूखने न पाए!”

रिकाम्या गाड्या खडखडत ओढा उतरून गेल्या. त्यांच्यामागं साहेबांची मोटारही गेली. मुन्तजिम साहेबांनी लगेच सुंदराबाईला बोलावून हुकूम दिला, की उद्यापासून रोज सकाळी उजाडायच्या आत ही भिंत सारवायची, सरकारी काम आहे.

सुंदराबाईनं पदर खोचला, शेणाची पाटी उचलली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “का वो दादा, म्या केल्यालं सारवान वाळलं का न्हाय, एवढंच बगाया त्यो सायेब हैदराबादेस्नं आलता व्हय?”