दोघांनी उचलायचा टप

मुलगी सासरी गेली त्या वर्षी मी नवऱ्याला सांगितलं, की यापुढं बाजाराला मीही येणार.

आम्ही अंबडला राहायचो. मी घरी शिवायची आणि ते बाजारात विकायचे, असं आमचं सतरा वर्षं चाललं होतं. परकर, झबली, लहान मुलींचे फ्रॉक. आधी ते गाठोडी घेऊन एसटीनं जायचे. नव्वद सालानंतर एक जुनी छोटी पिकअप घेतली, तेव्हापासून एकदा निघाले की चार-पाच गावांचे बाजार करूनच परत यायचे. येताना गिऱ्हाइकांनी परत दिलेले कपडे घेऊन यायचे. कुणाच्या फ्रॉकचा गळा मोठा, कुणाला बाही घट्ट. मी ते नीट करून द्यायची आणि ते पुढच्या फेरीत पोचवायचे. तोवर काही बायका कंटाळून दुसऱ्याकडून घेऊन मोकळ्या व्हायच्या. मशीन घेऊन मी तिथंच बसले तर हे सगळं जागच्या जागी होईल, एवढं साधं माझं म्हणणं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "झोपशील कुठं?"

ते स्वतः गाडीत गाठोड्यांवर, वर ताडपत्री ओढून झोपायचे, नाहीतर एखाद्या शाळेच्या ओसरीवर. अंघोळ कुणाच्या तरी बोअरवर. मला ते जमणार नव्हतं, हे खरंच होतं. दोन दिवस मी त्याचाच विचार करत होते. तिसऱ्या दिवशी टेप घेऊन अंगणात गेले आणि गाडीच्या मागच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची मोजून वहीत लिहायला लागले. ते दारात आले.

"काय करून राह्यली?"

"माप घेते. याच्यावर टप बसवायचा, खोलीसारखा. दिवसा दुकान, रात्री दार लावून झोपायचं."

ते हसले नाहीत. पण मनावरही घेतलं नाही. मी मात्र घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांना घेऊन एका वेल्डिंगवाल्याकडं गेले. तो ट्रॉल्या आणि गेटं बनवायचा. माझी वही त्यानं बघितली, पण बोलला सगळं त्यांच्याशीच. पाइप बारीक नको, लोखंडी अँगल टाकू, वर पत्रा मारू, वीस वर्षं हलणार नाही. मी दोनदा म्हणाले की गाडी लहान आहे. तो म्हणाला, "वहिनी, मजबूत पाह्यजे का न्हाई?"

टप मजबूत झाला. गाडीवर चढवायला सहा माणसं लागली. माल भरल्यावर मागचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले आणि चढावर स्टेअरिंग हलकं लागायला लागलं. पहिल्याच फेरीत वडीगोद्रीच्या अलीकडं मागचं चाक आतल्या पत्र्याला घासून फुटलं. सुदैवानं गाडी हळू होती. आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो. स्टेपनी लावून तसेच माघारी फिरलो. घरी आल्यावर ते म्हणाले, झालं एवढं बस. तू घरीच बरी.

मला रडू येत होतं, पण आवाज साधाच निघाला. "लोखंडाचं चुकलं," मी म्हणाले. "माझं काय चुकलं?"

त्यांनी टप उतरवला, भंगारात घातला, आणि ते एकटेच पुढच्या बाजाराला गेले. ते नसताना मी एसटीनं जालन्याला गेले. तिथं मस्तगड भागात एक म्हातारे चाचा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचे. माझ्या बहिणीच्या घराच्या खिडक्या त्यांनीच केल्या होत्या, म्हणून ओळख. त्यांना मी घडलेलं सगळं सांगितलं, चाक फुटल्याचंही. त्यांनी वही नीट वाचली आणि पहिला प्रश्न मला विचारला.

"वजन किती चालंल?"

मला किलोत सांगता येईना. मी म्हणाले, आम्ही नवरा-बायको दोघांनी उचलून गाडीवर ठेवायचा आणि दोघांनीच उतरवायचा. तिसरा माणूस लागता कामा नये.

"मंग भिंती पत्र्याच्या न्हाई चालणार," ते म्हणाले. "ढाचा मी करतो. कापड तुम्ही शिवा."

ढाचा म्हणजे नुसता सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांचा, रिबिटा मारून जोडलेला. भिंती आणि छत जाड कॅनव्हासचं. खाली कमरेइतकं पातळ प्लायवूड, म्हणजे कुत्रं-मांजर आत येणार नाही. मी अंगणात वर्तमानपत्रं चिकटवून आख्ख्या टपाचा कागद कापला, जसा ब्लाउजचा कापतात तसा. मग शिवायला बसले. सरळ शिवण मशीननं ओढली, पण कोपऱ्यावर चार पदर आले की सुई मोडायची. नऊ सुया मोडल्यावर मी कोपऱ्यांपुरतं मशीन बाजूला सारलं आणि ते दाभणानं हातानं शिवले, दोऱ्याला मेण लावून. बोटं सुजली. बाजाराहून परत आल्यावर यांनी बोटं बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून समोर बसून कापड ताणून धरायला लागले.

चाचांनी ढाच्यावर कापड चढवलं आणि टप तयार झाला, तेव्हा गाडी मस्तगडला नेली. चाचा दुकानाच्या पायरीवर हात मागं बांधून उभे राहिले. शेजारचा दुकानदार मदतीला पुढं आला तर त्यालाही त्यांनी थांबवलं.

"बिलकुल हात लावू नका. दोघांनीच उचलायचा. न्हाई उचलला तर काम माझं चुकलं."

एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी. मी पदर खोचला. टप जमिनीवरून सुटला तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा हलका लागला, पण छातीपर्यंत आणल्यावर माझे दंड थरथरायला लागले. हे म्हणाले, "ठेवू का खाली?" मी मान हलवली, नाही म्हणून. आणखी एक झटका दिला आणि माझी कड हौद्याच्या फळीवर टेकली. चाचांनी येऊन चारी कोपऱ्यांचे बोल्ट आवळले आणि म्हणाले, "बराबर बसला."

नव्या टपाची पहिली फेरी भोकरदनकडची होती. पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेवर समोरून वारा आला, पुढचं कापड फुग्यासारखं फुगलं आणि एक शिवण हातभर उसवली. मी गाडी थांबवायला लावली, हौद्यात चढले आणि तिथंच दाभण काढलं. हे म्हणाले, माघारी फिरायचं का? मी म्हणाले, अर्ध्या तासात होतंय. पाऊण तास लागला. पुढं चाचांनी त्या बाजूला तिरकी फळी बसवून दिली, मग कधी उसवलं नाही.

पिंपळगावला पोचलो तेव्हा बाजार भरत आला होता. बाजूची भिंत वर उचलून दोन काठ्यांवर टेकवली की सावली व्हायची. तिच्याखाली मी मशीन मांडलं. पहिली बाई आली ती मागच्या फेरीतला फ्रॉक घेऊन भांडायलाच आलेली. मी बाही उसवली, वाढवली, तिच्या लेकीला तिथंच घालून बघितली. ती भांडायचं विसरली आणि आणखी दोन परकर घेऊन गेली. जाताना आत डोकावून म्हणाली, "इथंच राहता का हो ताई?" मी हो म्हणाले. तिनं फळीवरची गादी, खिळ्याला अडकवलेला आरसा, दाराची कडी, सगळं बघितलं. "बरंय की," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बाजार उठल्यावर मी दाराला आतून कडी लावली, कपडे बदलले, केस विंचरले. सतरा वर्षं मी शिवलेले कपडे जिथं जायचे, तिथं मी पहिल्यांदाच माझ्या दारामागं उभी होते. हे बाहेर स्टोव्हवर चहा करत होते. मला हाक मारून म्हणाले, "साखर कुठं ठेवली?"

असे आम्ही आठ-नऊ वर्षं फिरलो. पुढं यांचे डोळे अधू झाले, गाडी विकली, आणि अंबडलाच शिवणकामाचं छोटं दुकान टाकलं. टप भोकरदनकडच्या एका टरबूजवाल्या जोडप्यानं नेला, शेतात राखणीला राहायला. एकदा एसटीतून जाताना मला तो रस्त्यालगतच्या वावरात दिसला, चार दगडांवर ठेवलेला. दोरीवर लुगडं वाळत होतं. आमची गादी असायची त्या बाजूच्या कापडात त्यांनी एक खिडकी कापली होती आणि कडा नीट दुमडून शिवल्या होत्या. रात्री वारा यायला तिथं खिडकी हवीच होती. माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.