नळी मोडायचा हात

जत्रेत फुगे फोडायचं दुकान लावणारा माणूस गिऱ्हाइकाले कधी बंदूक भरू देत नाही. नळी आपणच खाली मोडायची, आतली स्प्रिंग दबून खटका बसला की छर्रा घालायचा, नळी सरळ करायची अन् मग बंदूक समोरच्याच्या हातात द्यायची. नेम त्याचा, बाकी सारं आपलं. मोताळ्याच्या बाजारात, संग्रामपूरकडच्या जत्रांत मी जन्मभर हेच केलं. दुसरं मले काही येतही नाही.

मग लकवा झाला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय चालता झाला, उजवा हात मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा नुसता अंगाजवळ राह्यला. आजारानंतरच्या पहिल्याच बाजारात नळी अर्ध्यावर गेली अन् सुटून परत वर आली. समोर कापसाच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर उभा होता. "राहू द्या काका, मी भरतो," म्हणे, अन् बंदूक माझ्या हातातून घेतलीच त्यानं. चांगल्या मनानं घेतली हो! पण मले वाटलं, याच्या एक कानाखाली काढावी. काढू कोणत्या हातानं?

बायको म्हणे, "आता नवीन घ्या. ही काय, तुमच्याहून म्हातारी झाली." तिच्या हट्टापायी खामगावच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं चकचकीत बंदूक समोर ठेवली. मी मागचा दस्ता मांडीवर दाबला अन् नळी ओढली. हालली नाही. पुन्हा ओढली. दुकानदार उगाच काच पुसत बसला. "नवी आहे ना, वापरता वापरता मोकळी होईल," म्हणाला. मी कधी मोकळा होईन, ते काही बोलला नाही.

घरी येऊन जुनीच खोलली. नवीन घेणारे घेवोत, जुनीची नस मले ठाऊक आहे, असा माझा तोरा. स्प्रिंग उडू नये म्हणून बायको दोन्ही हातांनी दाबून बसली. आतलं हवा धरणारं चामड्याचं वायसर वाळून कडक झालं होतं. जुन्या चपलेचं चामडं कापून नवीन केलं, तेलात भिजवून बसवलं. पण नळी मोडताना जोर लागतो तो स्प्रिंगपायी. म्हणून स्प्रिंगचा एक वेढा कापला. तरी नळी जड. आणखी एक कापला.

"अहो, किती कापता? तिच्यात दम राहील का?"

"माझ्यात राह्यला का? गप बस ना बाई!"

मी कापत गेलो. अन् एका दुपारी नळी पार खाली आली, खटका बसला. माझ्या हातानं! खोटं काऊन बोलू, ढसाढसा रडलो.

पुढच्या बाजारात नवऱ्या मुलासारखा ताठ उभा राह्यलो. एक माणूस लेकीले कडेवर घेऊन आला. एका दमात बंदूक भरून त्याच्या हातात दिली. त्याचा नेमही बरोबर होता. छर्रा फुग्याले लागला अन् खाली पडला. फुगा जरासा हालला, बस्. पोरगी खदखदून हसली. "काय राजेहो, हिच्यात जीव नाही का?" बाप म्हणाला. मी दुसऱ्यांदा भरून दिली. पुन्हा तेच. मग भवतालचेही हसले.

हात जेवढं दाबील तेवढंच ती बाहेर फेकते. कमी घेऊन जास्त देणारी बंदूक जुन्यात नाही अन् नव्यातही नाही. जन्म या धंद्यात गेला, मले हे कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटी नवीन बंदूक आली. बायकोनं ती मांडीवर टेकवून पहिल्याच झटक्यात मोडली अन् लगेच माझ्याकडं पाह्यलं, काही सांडल्यासारखं. आता दुकानात पुढं ती उभी राहते. मी मागं बसून तिच्या हाती फुगे देतो. लोक म्हणतात, बरं झालं, काकाले आराम मिळाला. आग लागो त्या आरामाले.

परवा हिवरा आश्रमाकडं दुकान लावलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी नुसता रस्त्याकडं पाहत बसलो होतो, ते तिले पाहवलं नसेल. "तुम्ही मारता का एक?" म्हणे. मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं नळी मोडली, छर्रा घातला, अन् दस्ता माझ्याकडं करून बंदूक पुढं केली. मी नळी फळीवर टेकवली, डाव्या हातानं नेम धरला. लाल फुगा फटकन फुटला.

"शाब्बास!" ती म्हणाली.

लहान लेकराचा नेम लागला की आम्ही असंच ओरडतो, म्हणजे त्यानं आणखी एक डाव खेळावा. तोंडातून निघून गेल्यावर तिच्याही ध्यानात आलं. ती तिकडं तोंड करून पाटीवरचे फुगे सारखे करत बसली. मी बंदूक फळीवर ठेवली अन् उठलो, गिऱ्हाईक जाते तसा.