वगळायची यादी

आमची सूनबाई बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते, घरूनच, आतल्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर बसून. नऊ महिने झाले, नोकरी अजून तात्पुरती. आज चार वाजता तिचं काम एका दवाखान्यात सुरू व्हायचं होतं आणि त्यावरच नोकरी पक्की होणार की नाही ते ठरणार होतं. देवाचं नाव घेत मी सकाळपासून तिच्या दाराशी घुटमळत होते.

नर्सने चुकून न जुळणारी दोन औषधं निवडली, तर पडद्यावर इशारा यावा, एवढंच काम. हिच्याकडे इशारा दिसायचा. ऑफिसात मात्र कोरी चौकट.

दोन वाजता साहेबांचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर घेतला. "तुमच्याकडे चालतं म्हणता. मग सगळे पेशंट तुमच्या घरी आणून झोपवू का?"

"खाटा कमी पडतील, सर," ही म्हणाली. "इशाऱ्यांच्या फायलीच तिकडे पोचत नाहीयेत. वगळायची यादी बिघडली असणार. ती मी केलेली नाही."

ही यादी म्हणजे काय, ते तिनं मला मागे सांगितलं होतं. सगळ्यांचं काम ऑफिसच्या एका सामाईक कपाटात, म्हणजे कंप्युटरमधल्याच, जमा होतं, आणि कुठल्या फायली आत घ्यायच्या नाहीत ते त्या यादीत असतं. यादी तिच्या सहकाऱ्याने केलेली.

तिनं ती तीनदा वाचली. मग त्या यादीची स्वतःकडची प्रत रिकामी करून पाहिली. तरी फायली आत जाईनात. चहावर साय धरली. तीन वाजून गेले.

"आई, जप मनात करा ना."

"मनातच करतेय. ओठ हलतात, त्याला मी काय करू?"

ती हसली नाही. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "मी नुसते अंदाज बांधत बसलेय. कुठल्या नियमानं अडवलं ते मशीनलाच विचारते." एक ओळ टाइप केली. उत्तरही एकाच ओळीचं आलं, आणि तिचा चेहरा उतरला.

अडवणारा नियम सामाईक यादीत नव्हताच. तो तिच्या स्वतःच्या मशीनवरच्या वेगळ्या यादीत होता. घरच्या सामानाचं टिपण कामाच्याच फोल्डरमध्ये लिहायची तिला खोड. जुन्या ऑफिसात एकदा "साबण, पायपुसणं, आईंच्या गुडघ्याचं मलम" असं कामाबरोबर गेलं आणि साऱ्या ऑफिसनं वाचलं. तेव्हा तिनं मशीनला बजावून ठेवलं होतं, साध्या मजकुराची एकही फाईल कुठल्याच कामातून बाहेर जाऊ द्यायची नाही. इशारे तसल्याच फायलींत होते.

तिनं ती ओळ पुसली, फायली पाठवल्या. पावणेचारला साहेब म्हणाले, "दिसतोय इशारा. त्या यादीवाल्याला मी मघाशीच झापलंय."

इथं गप्प बसता आलं असतं. माझा जप थांबला.

"सर, त्याची यादी बरोबर होती. चूक माझ्या मशीनवर होती. न बघताच मी त्याच्यावर ढकललं."



"पक्क्या नोकरीच्या पत्रावर सही करतो," साहेब म्हणाले. "पण त्याला फोन तुम्ही करायचा. मी नाही."

तिनं लगेच लावला, या वेळी कानाशी धरून. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ही मात्र दोनदा म्हणाली, "हो, बोल तू. ऐकतेय मी."