राम राम म्हटल्यावर थांबायचं असतं

भटू नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकला घरी चहा घेत होतो. फोन मिरचीच्या पेढीच्या शेठचा होता. "विलासभाऊ, नाना गेले. कोरीटला, घरीच. सकाळी उठून ओट्यावर बसले आणि..." मग त्यांनी अंत्यविधीची वेळ सांगितली. मी फोन बंद केला, आणि तो हातात असतानाच त्यावर एक हिरवी खूण उमटली. 'व्हॉइस सर्व्हर : सर्व ठीक.' ही खूण मला दर तासाला येत असे. नाशिकमधला माझा एक प्रोग्राम नंदुरबारच्या पेढीवर फोन लावायचा, पलीकडून मशीनमध्ये भरलेला नानांचा आवाज 'राम राम' म्हणाला का ते ऐकायचा, आणि ऐकू आला की मला कळवायचा. नाना नुकतेच गेले होते, आणि माझी यंत्रणा सांगत होती की त्यांनी आत्ताच राम राम केला...

त्या सकाळपासून मनात एकच प्रश्न होता. हा आवाज ठेवायचा की काढायचा? आणि हे ठरवणारा मी कोण? हा लेख नानांविषयी आहे, पण या प्रश्नाला वगळून मला त्यांच्याविषयी लिहिता येणार नाही.

नाना त्या पेढीचे दिवाणजी. मी नंदुरबारजवळच्या रनाळ्याचा, टेलिफोन आणि कॉम्प्युटरची कामं घेणारा, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. माझा त्यांचा संबंध कामातून आला आणि चहातून वाढला. हंगामात पेढीवर मिरचीच्या गाड्या लागायच्या, मापं चालायची, फोन वाजत राहायचा आणि उचलायला कोणी नसायचं. भाव काय, गाडी कधी आणू, गोण्या कधी पाठवता... अशी साधी विचारणा असायची. सातपुड्यातून फोन करणाऱ्या कित्येकांना लिहिणं-वाचणं जमत नव्हतं, त्यामुळे मेसेज पाठवा असं सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून शेठनी माझ्याकडून निरोप साठवणारा सर्व्हर बसवून घेतला. लोकांनी फोन करून आपला निरोप बोलून ठेवायचा, नानांनी सवडीने ऐकायचा आणि उलट फोन करायचा. लगोलग मुलांच्या शिक्षणासाठी मी नाशिकला बिऱ्हाड हलवलं, तेव्हा तिथून मशीनवर नजर ठेवता यावी म्हणून ही तपासणीची सोय केली. मशीन तापलं, बंद पडलं, निरोप साठला नाही, तर मला लगेच कळावं एवढाच हेतू.

पहिल्याच आठवड्यात मशीन तापल्याचा इशारा आला. पंखे ठीक होते, वीजही होती. मी नानांना फोन केला तर ते उलट माझ्यावरच उखडले. "आरे, मिरचीनी धूळ बसू नही म्हनीसन मीच गोणपाट टाकं त्यावर. वल्लं करीसन टाकं!"

"नाना, ओलं गोणपाट? मशीनवर?"

"मंग काय शालू टाकू? आन् तुले नाशिकमा कसं समजनं? कोण चुगली करं?"

मशीननेच सांगितलं, हे त्यांना पटायला बराच वेळ लागला. त्यानंतर ते मशीनला 'चुगलखोर' म्हणू लागले. चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गोणपाट निघालं, पण "त्यानं काही बिघडत नव्हतं" हे पालुपद त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. माणूस तापट, मोठ्या आवाजाचा, पैज हरला तरी न हरल्यासारखा वागणारा. पण पेढीवर आलेल्या माणसाची विचारपूस केल्याशिवाय त्यांनी कधी मापाला हात लावला नाही. गाडी कितीही खोळंबो, शेठ कितीही ओरडो, आधी घरचं बरं आहे ना, मग मिरची.

गोणपाटानंतर खुणा हिरव्या येत राहिल्या. दर तासाला सर्व ठीक. आणि तिकडे शेठ संतापलेले, की तुमच्या मशीनमध्ये एकाचाही धड निरोप नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीवर जातंय. मी गाडी पकडून नंदुरबारला आलो. मागच्या खोलीत नाना आणि मी साठलेले निरोप ऐकत बसलो. मिरचीचा तिखट खाट हवेत इतका होता की दोघेही शिंकत होतो. निरोप विचित्र होते. "राम राम..." आणि मग काही नाही. दुसरा, "राम राम, दिवाणजी..." मग श्वासाचा आवाज, मागे कुठे कोंबडा, आणि फोन कट. तिसरा तसाच. मी तारा तपासू लागलो. नाना मात्र प्रत्येक निरोपाला मान हलवून मोठ्याने "राम राम" म्हणत होते.

"नाना, तुमी कोणाले राम राम करी ऱ्हायनात? रेकॉर्डिंग शे ते."

"माणूस राम राम करी ऱ्हायना ना? मंग उत्तर नही द्यानं का?"

ते हे वैतागून बोलले, त्यांच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. पण माझ्या हातातली तार हातातच राहिली. मशीनमधलं स्वागत मी माझ्या आवाजात, शाळेतल्या शुद्ध मराठीत भरलं होतं. 'कृपया आपला निरोप नोंदवा.' लोक फोनवर राम राम करत होते आणि उलट राम राम येईल म्हणून थांबत होते. समोरचा उत्तर देत नाही तोवर कामाचं कसं बोलायचं? आणि कोणी जरा गप्प बसला की निरोप संपला असं समजून फोन तोडायची सोय मीच केली होती. पहाडातला माणूस रीत पाळत होता आणि माझं मशीन त्याच्या तोंडावर दार लावत होतं. नाशिकला मला मात्र सगळं हिरवं दिसत होतं.

त्याच दुपारी नानांच्या आवाजात नवं स्वागत भरलं. लिहून दिलेलं त्यांनी बाजूला सारलं आणि आपल्या रीतीने बोलले. "राम राम..." मग थांबले. "बरं शे ना?..." पुन्हा थांबले. "हां, आते सांग, काय काम शे." मधल्या त्या मोकळ्या जागांत लोक आपापलं उत्तर देत. ते कुठेच साठत नसे, पण ते दिल्याशिवाय पुढचं बोलणं निघत नसे. निरोप येऊ लागले. मीही तपासणी बदलली. मशीन चालू आहे का एवढंच न पाहता, फोनवर नानांचा राम राम प्रत्यक्ष ऐकू येतो का, हे प्रोग्रामला ऐकायला शिकवलं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे मी दिवसभर तुन्हा नोकर! पगार चालू कर मंग."

ही थट्टा नंतर मला फार टोचली.

ते गेल्यावर मी काहीच बदललं नाही. शेठना सांगितलं, नानांची आठवण म्हणून राहू द्या. ते खोटं होतं. खरं हे, की आवाज बदलायचा तर कोरीटला जाऊन नानींना विचारावं लागणार होतं, आणि मला त्यांच्यासमोर हा विषय काढायचं धैर्य नव्हतं. तेराव्याला नानांचे थोरले भाऊ, आप्पा, मला बाजूला घेऊन म्हणाले, "फोनमा त्याना आवाज आजून बोलस म्हने. आवाज अठे बांधी ठेवा तर जीव कसा जाई रे भो?" माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या दिवसापासून हिरवी खूण आली की मी फोन पालथा घालून ठेवायचो. मेलेल्या माणसाला मी दर तासाला उठवून राम राम म्हणायला लावत होतो, आणि तो म्हणाला की निश्चिंत होत होतो. बातमी न पोचलेले लोक पलीकडून सांगत होते, 'नाना, औंदा बी तुम्हीच करज्यात मन्हं माप.' तेही मी नाशिकला बसून ऐकत होतो आणि एकालाही उलट फोन करत नव्हतो.

शेवटी कोरीटला गेलो. नानी ओसरीत मिरच्यांची देठं खुडत होत्या. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. शेठना सांगितलेलं खोटं, आप्पांचं बोलणं, दर तासाचा फोन, सगळं. वाटलं, आता रडतील, किंवा मला उठवतील. त्यांचे हात थांबले नाहीत.

"काय बोलस तो त्यामा?" त्यांनी विचारलं. त्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. पेढीवर फोन करायचं त्यांना कामच कधी पडलं नव्हतं.

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि दोघांच्या मध्ये सुपात ठेवला. घंटा वाजली. "राम राम..." नानींनी एकदम पदर डोक्यावर ओढला. मोकळी जागा तशीच गेली. "बरं शे ना?..."

नानी फोनकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "देख. जलमभर माले नही इचारं कधी. आन् जगले इचारत बठना!" आणि हसल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या. तेवढ्यात नाना म्हणाले, "हां, आते सांग, काय काम शे."

"काम! आते बी कामच!" त्या फोनवर वाकल्या. हसू गेलं नव्हतं, पण आवाज हळू झाला. "म्हैस व्यायनी. पारडी शे. दूध बी चांगलं शे... काही काळजी नही." थोडं थांबल्या, आणखी काही सुचतंय का बघितलं. मग मशीनने फोन तोडला.

"आते काढी टाक त्याना आवाज," त्या देठं खुडायला लागत म्हणाल्या. "आप्पा म्हनस म्हनीसन नही. तो तवयच गया, कोठे बी आडकेल नही. पन लोके इचारतीन, आन् त्यास्ले खरं सांगाले कोनीतरी जित्तं पायजे. तू बोल. रनाळानाच शे ना तू? का नाशिकवाला व्हई गया?"

कोरीटहून निघालो तेव्हा किती दिवसांनी श्वास पुरता छातीत गेला. त्यांनी मला माफ केलं असं म्हणणार नाही, कारण त्यांच्या लेखी माफ करण्यासारखं काही नव्हतंच. तेच मला हवं होतं, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

पेढीच्या मागच्या खोलीत बसून मी नवं स्वागत भरलं. पुष्कळदा भरलं. दरवेळी राम राम म्हटल्याबरोबर घाईने पुढचं वाक्य यायचं. चांगलं बोलायला जायचो आणि थांबायचं राहून जायचं. मग नाना करायचे तसं केलं. राम राम म्हणायचं, आणि समोरच्याने उलट केलेला मनातल्या मनात पुरता ऐकून घ्यायचा. तेव्हा कुठे ती जागा बरोबर पडली. आता फोन केलात तर माझा आवाज येईल. भटू नाना वारले, हेही तो सांगेल. पण राम रामनंतरची ती रिकामी जागा माझी नाही. ती त्यांची आहे, आणि तिथे अजून रोज कोणी ना कोणी त्यांना उत्तर देतं.

परवा पेढीवरच्या नव्या दिवाणजींचा फोन आला. जुने राहिलेले निरोप ते ऐकत होते. जरा गोंधळलेले वाटले.

"भाऊ, यात एका बाईचा निरोप आहे. म्हैस व्याली म्हणते, दूध चांगलं आहे म्हणते. नाव नाही, गाव नाही. कोणाला फोन करायचा?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो. "पोचला तो."